बातमी आणि भाकरी एकाच तारेतून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कचेरी असो, कॉलेज असो की इस्पितळ, हल्ली एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. ‘वायफाय गेलं!’ मग कोणी मोबाइल उंच धरून पाहतो, कोणी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो, कोणी भिंतीच्या जाडीला दोष देतो. सगळ्यांचं लक्ष हवेकडे. पण ही बिनतारी सेवा ज्या डब्यातून येते, तो छताला चिकटवलेला थाळीएवढा पांढरा डबा कधी नीट पाहिला आहे का? त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. त्याच्या आसपास विजेचा प्लग बहुधा दिसत नाही. त्यात फक्त एक केबल शिरते. ती इथरनेटची केबल. तिच्यात तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. याच जोड्यांमधून माहिती ये-जा करते आणि याच जोड्यांमधून डब्याला वीजही मिळते. या सोयीचं नाव पॉवर ओव्हर इथरनेट, लघुरूप पीओई.

म्हणजे बिनतारी सेवेचं पोट तारेवर भरतं. ती बंद पडली की पुष्कळदा दोष तारेत निघतो, आणि तोही विजेच्या बाजूचा. तो हुडकायची विद्या नवी मुळीच नाही. तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या जमान्यातल्या माणसांना ती चांगली अवगत होती. मधल्या काळात आपण ती विसरलो आणि आता पुन्हा शिकतो आहोत. ती गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात करू १८५८ सालापासून. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकून झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश पाठवला. शब्द ९८, आणि तो पलीकडे पोचायला लागले सुमारे १६ तास! संकेत इतके क्षीण आणि पसरट येत होते की वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. केबलचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे गृहस्थ मूळचे शल्यविशारद. त्यांचा उपाय सरळ होता. संकेत पोचत नाही, तर जोर वाढवा. मोठ्या वेटोळ्यांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब त्या केबलला दिला. केबल मुळातच सदोष बनावटीची, गटापर्चाचं आवरण कुठे जाड तर कुठे पातळ. तीन-साडेतीन आठवड्यांत ती मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. दाब थोडा ठेवा आणि पलीकडच्या टोकाला अतिशय नाजूक उपकरण लावा. त्यांनी त्यासाठी आरशाचं गॅल्व्हॅनोमीटर तयारही केलं होतं.

याच सुमारास हिंदुस्थानाकडे येणारी तांबड्या समुद्रातली केबलही टाकली गेली आणि तीही निकामी ठरली. दोन मोठे खर्च पाण्यात गेल्यावर ब्रिटिश सरकारने आणि अटलांटिक कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १८६१ साली आला. माझ्या मते विद्युत अभियांत्रिकीतला तो फार मोलाचा दस्तऐवज आहे, कारण त्याने धंद्याला एक शिस्त लावली. तार टाकण्याआधी मोजा, टाकताना मोजत राहा, टाकल्यावर पुन्हा मोजा. त्या शिस्तीचं फळ १८६६ साली अटलांटिकमध्ये मिळालं. पुढे १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्राखालून विलायतेशी जोडली गेली.

आता मोजायचं म्हणजे काय? तांब्याच्या तारेला रोध असतो, म्हणजे ती विजेच्या वाटेत थोडी आडकाठी करते. तार एकाच जाडीची असेल, तर दर मैलाला हा रोध ठरलेला असतो. मग रोध मोजला की अंतर कळतं. तार मधेच कुठे जमिनीला टेकली, तर बिघडलेली तार आणि शेजारची धडधाकट तार दूरच्या टोकाला जोडून एक फेरा करायचा आणि व्हीट्स्टनच्या सेतूवर दोन बाजूंचं गुणोत्तर काढायचं. दोष किती अंतरावर आहे, हे कागदावर निघतं. मरे आणि व्हार्ली यांच्या नावाने या चाचण्या ओळखल्या जातात. अख्खा रस्ता खणायच्या ऐवजी एकच खड्डा खणायचा, हा त्यांचा फायदा. टेलिफोन खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी त्या पाठ केल्या. मात्र त्यांना एक चांगली तार सोबतीला लागते. तुलनेला काही धड असल्याशिवाय बिघाड मोजता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे छतावरच्या डब्यापाशी तो परत येणार आहे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीनेच. त्या काळच्या टेलिफोनची अडचण अशी होती की बोलण्यासाठी लागणारी वीज प्रत्येक वर्गणीदाराच्या घरात असलेल्या विद्युतघटांतून येई. घट सुकले, उतरले की फोन बंद. ते बदलत माणसांनी गावभर हिंडायचं. १८९० च्या दशकात अमेरिकेत बेल कंपनीच्या अभियंत्यांनी, त्यांत हॅमंड हेज हे प्रमुख, ही उस्तवार मोडीत काढली. सगळ्या बॅटऱ्या एक्स्चेंजमध्ये एकाच ठिकाणी ठेवायच्या आणि बोलण्याच्याच दोन तारांवरून घरोघरी वीज पुरवायची. रिसीव्हर उचलला की फेरा पुरा होतो, वीज वाहू लागते, आणि ती वाहू लागली हीच एक्स्चेंजला खूण की अमुक माणसाला बोलायचं आहे. किती साधी युक्ती!

हा दाब पुढे ४८ व्होल्टवर स्थिरावला. दूरच्या घरापर्यंत पोचेल इतका जास्त, आणि तार हाताळणाऱ्या माणसाला सहसा इजा होणार नाही इतका कमी. शिवाय बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडून तारेवर ऋण ४८ व्होल्ट ठेवायची पद्धत पडली, कारण तसं केलं की ओलसर जमिनीत तांबं कमी झिजतं. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात टेलिफोनवर गप्पा मारल्या आहेत, त्यांनी या व्यवस्थेचा लाभ घेतलेला आहे. घरात अंधार, पण फोन चालू. वीज एक्स्चेंजच्या बॅटरीची होती.

या व्यवस्थेत लाइनमनची कामाची रीत ठरलेली होती. तक्रार आली की आधी एक्स्चेंजमधून ती जोडी मोजायची. मग रस्त्यावरच्या खांबापाशी किंवा कपाटापाशी लाइन तोडायची आणि विचारायचं, दोष एक्स्चेंजकडे की घराकडे? जिकडे असेल तो अर्धा भाग घ्यायचा, त्याचे पुन्हा दोन करायचे. खरा लाइनमन घरात शिरून फोनच्या यंत्राला हात लावायचा तो बहुधा शेवटी.

आणखी एक जुनी युक्ती सांगितलीच पाहिजे. १८८० च्या दशकात, तारा महाग असताना, अभियंत्यांनी दोन जोड्यांवर तीन संभाषणं चालवायची रीत काढली. अमेरिकेतले जॉन कार्टी यांचं नाव त्यात येतं. प्रत्येक जोडीच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर बसवून त्याच्या बरोबर मध्यातून तिसरं संभाषण सोडायचं. याला ‘फँटम’ म्हणजे भुताचं मंडल म्हणत, कारण त्याला स्वतःची तार नाही! कल्पना अशी. जोडीतल्या दोन तारांमधला फरक म्हणजे बोलणं. दोन्ही तारा सारख्याच वर उचलल्या, तर फरक तसाच राहतो. दोन माणसं लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर गेली, तरी त्यांच्या उंचीतलं अंतर बदलत नाही, तसंच हे.

आता संगणकाकडे वळू. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यातून इथरनेट जन्माला आलं. डेव्हिड बॉग्ज हे त्यांचे सहकारी. मेटकाफ यांच्यासमोर नमुना होता हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटचा. १९७१ साली सुरू झालेलं ते जाळं रेडिओवर चालत असे. नावातला ‘इथर’ हा एकेकाळी प्रकाशलहरींचं माध्यम मानला गेलेला कल्पित पदार्थ. म्हणजे कल्पना रेडिओची, नाव आकाशतत्त्वाचं, आणि प्रत्यक्षात मात्र जाडजूड केबल! १९९० साली टेलिफोनसारख्याच पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर इथरनेट चालवायचं मानक आलं. तारा एकमेकींभोवती पिळण्याची ही युक्तीही जुनीच. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

संगणकाला आपला स्वतःचा प्लग असतो, त्यामुळे केबलने वीज वाहायचा प्रश्न उद्भवला नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या पिढीला केबल म्हणजे फक्त माहितीचा रस्ता वाटू लागला. व्होल्ट आणि ओहम ही वायरमनची भाषा झाली. मग १९९७ साली वायफायचं पहिलं मानक आलं, १९९९ साली ते वेगवान झालं, आणि आपल्याकडे २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाल्यावर बिनतारी जाळी झपाट्याने पसरली. हे डबे छतावरच हवेत, कारण तिथूनच लहरी नीट पसरतात. पण छतावर प्लग कुठला? प्रत्येक डब्यासाठी स्वतंत्र विजेची लाइन ओढायची, तर खर्च दुप्पट. नेटवर्कवरून बोलणारे टेलिफोनही त्याच सुमारास येत होते आणि त्यांनाही हीच अडचण.

उत्तर शंभर वर्षांचं जुनं होतं. सगळी वीज मध्यवर्ती ठिकाणी ठेवा आणि बोलण्याच्या तारेवरूनच पुरवा. सिस्को कंपनीने २००० साली आपल्या टेलिफोनसाठी ही सोय काढली आणि जून २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयईईई या संस्थेने सर्वांसाठी मानक मंजूर केलं. दाब ४४ ते ५७ व्होल्ट, म्हणजे टेलिफोनच्या ४८ च्या आसपासचाच. आणि माहिती व वीज एकाच जोडीवर चालवण्यासाठी वापरलेली युक्ती कोणती? ट्रान्सफॉर्मरच्या मध्यातून वीज सोडायची. तेच ते भुताचं मंडल, या वेळी संभाषणाच्या जागी वीज.

एका बाबतीत मात्र नव्या मानकाने जुन्यावर कडी केली. वीज देणारी पेटी, तिला स्विच म्हणतात (दिव्याचा स्विच वेगळा), आपण होऊन ५० व्होल्ट तारेवर टाकत नाही. आधी दहा व्होल्टच्या आत राहून अंदाज घेते. पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध दिसला, तर समजते की इथे वीज मागणारं यंत्र आहे. हा रोध १५ हजारांहून कमी किंवा ३३ हजारांहून जास्त भरला, तर नकार. मग वीस व्होल्टच्या आसपास दाब नेऊन दुसरा प्रश्न. तुला किती वीज लागेल? उत्तर आल्यावर पुरा दाब. नंतरही यंत्राने किमान दहा मिलिअँपिअर घेत राहिलं पाहिजे. ते थांबलं, तर अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद. व्हाइटहाउस यांच्या कारभाराच्या अगदी दुसऱ्या टोकाची ही रीत! चुकून साधा लॅपटॉप जोडला, तर तो जळत नाही, ते याचमुळे.

पण ही चौकस रीतच बिघाडाच्या वेळी माणसाला चकवते. समजा, व्हरांड्यातल्या डब्याच्या केबलच्या सांध्यात पावसाळ्याचं पाणी शिरलं. पाण्यातून थोडी गळती सुरू झाली, समजा ३० हजार ओहमची. आता २५ हजार आणि ३० हजार समांतर आले की मिळून भरतात साडेतेरा हजारांच्या आसपास. स्विच विचारतो, त्याला अनोळखी उत्तर मिळतं, आणि तो वीज देत नाही. डबा निपचित. मग तंत्रज्ञ येतो, तीच केबल आपल्या लॅपटॉपला लावतो, इंटरनेट झकास चालतं. निष्कर्ष निघतो की केबल चांगली, डबा खराब. नवा डबा मागवला जातो, आणि तोही निपचित! लॅपटॉप केबलकडे वीज मागतच नाही, तर त्याची साक्ष विजेच्या बाबतीत कशी चालेल?

दुसरा प्रकार याहून चकवणारा. डबा चालू होतो, मिनिटभर बरा असतो, माणसं जोडली गेली की बंद पडतो, पुन्हा चालू होतो. लोक म्हणतात, वायफाय ये-जा करतं. इथे थोडं गणित करू. २००३ च्या मानकात स्विच देतो १५.४ वॉट, पण यंत्राला हमी फक्त १२.९५ वॉटची. उरलेले २.४५ वॉट कुठे गेले? केबलच्या फेऱ्याचा रोध जास्तीत जास्त २० ओहम धरला आहे, त्यातून ३५० मिलिअँपिअर वाहिले की नेमकी तेवढीच वीज उष्णता होऊन जाते. हा हिशेब शंभर मीटर लांबीपर्यंतचा आणि खऱ्या तांब्याचा. बाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या काही केबलींत तार अ‍ॅल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. डबा नुसता जागा असतो तेव्हा थोडी वीज लागते, रेडिओ सुरू होऊन गर्दी वाढली की मागणी वाढते, तारेत दाब आणखी उतरतो आणि डबा मान टाकतो. पुन्हा जागा होतो, पुन्हा तेच. जोडीतल्या एकाच तारेचा सांधा कच्चा असेल, तर आणखी गंमत. दोन तारांतून वीज असमान वाहते, ट्रान्सफॉर्मर बिचकतो आणि माहितीतच चुका होऊ लागतात. वीज नसताना तीच केबल निर्दोष दिसते.

तिसरा प्रकार हिशेबाचा. चोवीस जोडण्यांच्या एखाद्या स्विचला एकूण ३७० वॉट देता येतात. १५.४ गुणिले २४ म्हणजे ३६९.६, बरोबर जुळलं. पण २००९ च्या मानकाने जोडणीमागे ३० वॉटची मुभा दिली आणि २०१८ च्या मानकाने नव्वद वॉटपर्यंत नेली. नवे, वेगवान डबे जास्त वीज मागतात. जोडणीमागे ३० वॉट राखून ठेवले, तर ३७० मध्ये फक्त बारा डबे बसतात. पंगतीत पानं चोवीस आणि स्वयंपाक बारांचा! मग कुणाला वाढायचं, हे स्विच आपल्या प्राधान्यक्रमाने ठरवतो. काही डबे कमी विजेत भागवतात, पण त्यासाठी आपला एखादा रेडिओ मिटून घेतात. दिवा हिरवा, सेवा मात्र लंगडी.

म्हणून शोधायची पद्धत लाइनमनचीच. पहिलं काम, शिडी चढायच्या आधी स्विचपाशी जायचं आणि त्या जोडणीवर किती वॉट जात आहेत ते वाचायचं. बहुतेक व्यवस्थापनयोग्य स्विच हा आकडा दाखवतात. शून्य असेल, तर प्रश्न ओळख पटण्याचा. आकडा चढून एकदम पडत असेल, तर तारेचा. नकाराची नोंद असेल, तर हिशेबाचा. दुसरं काम, तोच डबा खाली आणून हातभर लांबीच्या, खात्रीच्या केबलने थेट स्विचला लावायचा. चालला, तर डबा निर्दोष आणि दोष मधल्या तारेत. नाही चालला, तर चालू असलेल्या शेजारच्या जोडणीवर लावून बघायचा. मरे-व्हार्लीच्या चाचणीतली धडधाकट तार ती हीच! मग मधल्या तारेचे दोन भाग पाडायचे, भिंतीतला आणि दोन टोकांच्या तुकड्यांतला. माहितीचा वेग हजारावरून शंभरावर उतरलेला दिसला, तर चारपैकी एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्यावा, कारण हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात. कित्येक स्विच तारेत विजेचा ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परततो, त्यावरून तुटीचं अंतरही मीटरमध्ये सांगतात.

एवढं करायला वेळ लागतो दहा-पंधरा मिनिटं. तरीही जागोजागी चांगले डबे बदलले जातात, याचं कारण माझ्या मते कामाच्या वाटणीत आहे. नेटवर्कवाला म्हणतो, विजेचं काम माझं नाही. वायरमन म्हणतो, ती कॉम्प्युटरची केबल आहे, मी हात लावणार नाही. टेलिफोनच्या लाइनमनला हा प्रश्न कधी पडला नव्हता. बोलणं आणि वीज एकाच जोडीवर, आणि दोन्ही त्याचंच. इस्पितळात परिचारिकेच्या हातातलं यंत्र ज्या डब्यावर अवलंबून आहे, तो कुणाच्या अखत्यारीत येतो, हे तिथल्या व्यवस्थापकांनी एकदा विचारून पाहावं.

आणि जाता जाता घरच्या फोनचं. शहरांतून तांब्याच्या जोड्या जाऊन काचेचे तंतू येत आहेत. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे एक्स्चेंजची बॅटरी आता घरापर्यंत पोचत नाही. तंतूच्या टोकाला घरात जी पेटी बसते, तिला स्वतःचा प्लग लागतो आणि दिवे गेले की इंटरनेटबरोबर फोनही जातो. म्हणून लोक तिच्याशेजारी एक छोटी बॅटरी ठेवू लागले आहेत. दोन-तीन वर्षांनी ती उतरते आणि बदलावी लागते, १८८२ सालच्या वर्गणीदाराच्या घटांसारखीच.